छप्पर काढलं की पीळ कुठे जातो?

आपल्या या मालिकेत आपण पूल पाहिले, घाटातले रस्ते पाहिले, धरणं पाहिली. आज एका साध्या लोखंडी नळीचा इतिहास सांगणार आहे. ज्या मोटारींचं छप्पर काढता येतं, अशा मोटारींच्या पोटाखाली, सीटच्या पाठीमागे किंवा बॉनेटच्या आत ही नळी बोल्टने आवळलेली असते. तिला ब्रेस म्हणतात. आपल्याकडच्या मेकॅनिक मंडळींनीही तोच शब्द घेतलाय, म्हणून मीही तोच वापरतो.

बंगळुरूमध्ये मोटारीचा सुटा भाग हवा असला की माणूस जे. सी. रोडला जातो. गाड्या सजवण्याची हौस असलेली तरुण मुलं तिथून असले ब्रेस घेतात, चांगले लाल-निळे रंगवलेले. कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, "अंकल, गाडी टाइट होते." उत्तर अगदीच चुकीचं नाही. पण टाइट म्हणजे काय, कुठे, आणि कशाच्या बदल्यात, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. या गोष्टीत बंगळुरू आहे, कुर्ला आहे, कोल्हापूरकडचे एक थोर शास्त्रज्ञ आहेत आणि अलिबागही आहे. यातला मुख्य धडा माहीत नसल्यामुळे आजही आपल्या गॅरेजांमध्ये चांगल्या गाड्यांचं वाटोळं होतं आणि त्यात बसणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. म्हणून हा विषय घेतला.

वाकणं वेगळं, पिळणं वेगळं

आधी घरात करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण लावून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारा. आता दोन्ही टोकं धरून ओलं फडकं पिळतो तसा पिळायचा प्रयत्न करा. खोका दाद देत नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. तोच खोका, तोच पुठ्ठा, पण लगेच लचकतो. झाकणाचं वजन किती? नगण्य. पण ते होतं तोवर सहा बाजू मिळून एक बंद पेटी होती. एक बाजू गेली आणि उरलेल्या पाचांनाही जोर राहिला नाही.

दुसरा प्रयोग नळकाम करणाऱ्याकडून मागून आणलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर करा. त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीने एकच चीर पाडा. पाइप वाकवायला अजूनही जवळजवळ तितकाच जोर लागेल. पिळायला मात्र हाताचा जोर पुरतो. पाइपची जाडी त्रिज्येच्या एक दशांश असेल, तर चीर पाडल्यावर पीळ सहन करण्याचा ताठपणा साधारण तीनशेपटीने घटतो. बंद नळीचं हे गणित जर्मन अभियंता रूडॉल्फ ब्रेड्ट याने १८९६ साली मांडलं. तो क्रेन बनवणाऱ्यांपैकी होता.

आता मोटारीकडे या. रस्त्यावर गाडी नुसती वाकत नाही. पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि मागचं डावं चाक उंचवट्यावर, हा आपल्याकडचा रोजचा अनुभव. अशा वेळी गाडीचं धड पिळलं जातं. छप्पर असलेली गाडी झाकण लावलेल्या खोक्यासारखी असते. छप्पर काढलं की पुढच्या काचेची चौकट सुटी पडल्यासारखी थरथरते, आतला आरसा हलतो, दारं करकरतात. पाश्चात्य मोटार-पत्रकारांनी या थरथरीला खास नावही देऊन ठेवलंय. आवाजाचा त्रास एक वेळ सोसता येईल, पण खरा प्रश्न चाकांचा असतो. ज्या धडाला सस्पेन्शन अडकवलेलं असतं तेच धड पिळलं, तर स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर कितीही काळजीपूर्वक निवडा, चाक नेमकं कोणत्या कोनात जमिनीला टेकेल याचा भरवसा राहत नाही.

इथे दोन शब्द वेगळे ठेवा. मजबुती म्हणजे किती भाराला वस्तू मोडेल, आणि ताठपणा म्हणजे मोडायच्या आधी ती किती हलेल. बांबू मजबूत असतो, ताठ नसतो. ब्रेसचं काम बहुतांशी ताठपणाचं आहे.

पिळू द्या म्हणणारी जीप

तुम्ही म्हणाल, मग जीपचं काय? तिला तर छप्पर नावाला. कापडाचा टप गुंडाळला की संपलं. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत उघडी जीप आपण वर्षानुवर्षं पाहिली. तिला कुणी ब्रेस लावले?

तिला त्यांची गरजच नव्हती. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपची सगळी ताकद खालच्या चासीत होती. लांबीचे दोन पोलादी बार आणि त्यांना जोडणारे आडवे बार, म्हणजे थेट शिडीच. वरचं पत्र्याचं अंग त्या शिडीवर ठेवलेलं ओझं. ते काढून टाकलं तरी शिडी चालू शकते. जबलपूरला तयार होणारी जोंगा तशीच, शक्तिमान ट्रक तसाच, आणि १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही तशीच. शक्तिमान ओढ्यातून आडवा-तिडवा चढताना मागून पाहिला तर केबिन एका बाजूला आणि हौदा दुसऱ्या बाजूला कललेला दिसायचा. नवीन जवानाला वाटायचं गाडी मोडली. पण ती तशीच बनवली होती. शिडी थोडी पिळली की चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. चिखलात आणि दगडात हाच गुण कामाचा.

म्हणजे पिळाला दोन उत्तरं आहेत. एक, त्याला वाट द्या. दुसरं, त्याला अडवा. हळू चालणाऱ्या, खडबडीत रस्त्यावरच्या गाडीला पहिलं चालतं. ताशी शंभराच्या वेगाने वळण घेणाऱ्या स्पोर्ट्स गाडीला दुसरंच लागतं.

लष्करात तिसराही एक प्रकार पाहायला मिळतो. बंगळुरूच्या बीईएमएल कंपनीने सैन्याला टाट्रा ट्रक पुरवले. त्यांच्याखाली शिडी नसते. मधोमध एक जाड पोलादी नळी असते, पाठीच्या कण्यासारखी, आणि दोन्ही बाजूंना बरगड्यांसारखे अॅक्सल. ही रचना चेकोस्लोव्हाकियात हान्स लेडविंका याने १९२३ सालच्या टाट्रा ११ या छोट्या मोटारीत आणली. बंद नळी पिळायला किती अवघड, हे आपण आत्ताच पाहिलं. ही कण्याची कल्पना लक्षात ठेवा, ती पुढे एका इंग्लिश स्पोर्ट्स गाडीत भेटणार आहे.

छपराने भार घेतला

गंमत अशी, की ज्या मोटारीचं अंगच चासी झालं, ती जगातली पहिली मोठी मोटार उघडीच होती. इटलीतल्या व्हिन्चेन्झो लान्चाने १९२२ साली लान्चा लॅम्ब्डा आणली. त्याची कल्पना जहाजाच्या सांगाड्याची होती. होडीला वर छप्पर नसतं, तरी ती लाटांवर पिळवटून निघत नाही, कारण तिच्या बाजू उंच असतात आणि मध्ये आडव्या भिंती असतात. लॅम्ब्डाच्या बाजू तशाच उंच ठेवल्या, दारं छोटी ठेवली, आणि सीटच्या पाठीसुद्धा सांगाड्याचा भाग केल्या. म्हणजे आज सीटमागे जो ब्रेस लावतात त्याचा पणजोबा १९२२ सालचा.

पुढे पोलादी पत्रा दाबून मोठे भाग काढण्याचं तंत्र आलं आणि गाड्या बंद झाल्या. अंगच भार घेणार म्हटल्यावर अभियंत्यांनी छप्पर, खांब, फरशी या सगळ्यांना कामाला लावलं. पत्रा पातळ झाला, गाडी हलकी आणि स्वस्त झाली. या बांधणीला मोनोकॉक म्हणतात. आपल्याकडे ती दोन दारांनी आली. कलकत्त्याच्या अॅम्बॅसडरमधून, आणि कुर्ल्याच्या फियाटमधून. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी अर्धं आयुष्य जिच्यात काढलं ती गाडी, मोनोकॉकच. तिचं छप्पर ऊन-पावसासाठी होतंच, पण त्याच वेळी ते गाडीचं झाकण लावलेलं खोकं पूर्ण करत होतं.

त्याच काळात मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड बनत होती. तिच्याखाली मात्र वेगळी चासी होती. मूळच्या इंग्लिश ट्रायम्फ कंपनीला अखंड अंग बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला होता, म्हणून त्यांनी अंगाचे तुकडे वेगवेगळ्या कारखान्यांत बनवून वेगळ्या चासीवर बोल्टने जोडले. या अडचणीतून एक सोय आपोआप झाली. छपराचे बोल्ट काढले की छप्पर निघायचं, म्हणून इंग्लंडमध्ये १९५९ साली हेरल्ड आली आणि १९६० साली तिची उघडी आवृत्तीसुद्धा. शेजारी उभ्या असलेल्या फियाट आणि हेरल्ड बाहेरून सारख्याच वाटायच्या. पण एकीचं छप्पर कापलं तर ती कोसळल्यासारखी होईल, दुसरीचं काढलं तर फारसं बिघडणार नाही. हा फरक वरून दिसत नाही, आणि घात तिथेच होतो.

बंगळुरूचं विमान

कुर्ल्याचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे. त्यांनीच मैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली, आजची एचएएल. मोटार आणि विमान, दोन्हींची बीजं एकाच माणसाने पेरली. आणि उघड्या मोटारीचा जो प्रश्न आहे, तो विमानवाल्यांनी मोटारवाल्यांच्या आधी नीट सोडवला होता.

विमानाचं धड म्हणजे पातळ पत्र्याची नळी. शेपटीचं सुकाणू वळवलं की ती पिळली जाते. बंद असेल तोवर उत्तम. पण वैमानिकाला बसायला वरून भगदाड पाडावं लागतं, आणि त्यावरची सरकणारी काच काही भार घेत नाही. चीर पाडलेल्या पाइपची आठवण करा. म्हणून भगदाडाच्या दोन्ही काठांनी जाड लांब पट्ट्या घालतात, आणि पुढे-मागे भक्कम आडव्या चौकटी बसवतात. वरून गेलेली ताकद काठांना आणि टोकांना फिरवून द्यायची.

स्वतंत्र भारतात रचना होऊन उडालेलं पहिलं प्रशिक्षण विमान एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळुरूच्या आकाशात गेलं. एकामागे एक अशा दोन जागा, वर सरकती काच, आणि सगळं अंग धातूचं. त्याच्या रचनेची धुरा होती डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे. कोल्हापूरकडच्या खेड्यातला हा मुलगा जर्मनीतल्या ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आला होता. घाटग्यांनी मोटार बनवली नाही. पण छप्पर नसलेल्या नळीला ताठ कसं ठेवायचं, हे ज्ञान या शहरात पन्नाशीच्या सुरुवातीलाच होतं. एचएएलमध्ये तेव्हा रेल्वेचे धातूचे डबेही बनत, आणि १९६४ साली त्याच कामातून बीईएमएल उभी राहिली. बंगळुरूला पुढे मोटारींचे प्रयोग झाले ते काही शून्यातून नाही.

जगाने काढलेल्या तोडी

१९५४ साली मर्सिडीजची ३०० एसएल आली. बारीक नळ्यांचा त्रिकोणी सांगाडा, हलका आणि ताठ. पण ताठपणासाठी बाजूच्या नळ्या इतक्या उंच ठेवाव्या लागल्या की नेहमीसारखं दार बसेना. म्हणून दारं पक्ष्याच्या पंखासारखी वर उघडणारी केली. लोकांना ती शोभा वाटली, मूळ कारण नळ्यांचं होतं. १९५७ साली तिचीच उघडी गाडी काढताना उंबरठा खाली आणला, सांगाडा नव्याने बांधला, आणि छप्पर नसूनही ती बंद गाडीपेक्षा जड झाली. ही गोष्ट उघड्या गाड्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसते. छप्पर गेलं म्हणून वजन घटत नाही, वाढतं.

१९६२ साली लोटसची एलान आली. कॉलिन चॅपमनने आधी बंद गाडीचं सगळं अंग फायबरचं करून दाखवलं होतं. उघड्या गाडीला ते पुरेना. तेव्हा त्याने पोलादी पत्रा घडी घालून मधोमध एक पेटी केली, दोन्ही टोकांना फाटे फुटलेली. फाट्यांवर चाकं, कण्यावर फायबरचं हलकं अंग. टाट्राचा कणा, पण चिमुकल्या गाडीत. छपराकडे भारच दिला नव्हता, म्हणून छप्पर काढण्याचा प्रश्नही उरला नाही.

१९६५ साली पोर्शने ९११ टार्गा दाखवली. अमेरिकेत अपघाताच्या भीतीने उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी हवा होती. म्हणून सीटमागे एक रुंद पक्की कमान कायम ठेवली आणि मधला तुकडाच तेवढा सुटा केला. १९६८ च्या कॉर्व्हेटमध्ये छपराचे दोन सुटे तुकडे होते, पण मधोमध पुढच्या काचेपासून मागच्या कमानीपर्यंत एक पट्टी तशीच सोडली. आधी ती ठेवायचं मनात नव्हतं. धड पिळतंय हे दिसल्यावर ठेवावी लागली. मंडळी, हीच आपली ब्रेस, फक्त डोक्यावर.

मग १९८९ साली जपानच्या माझदाने एमएक्स-५ आणली. छोटी, स्वस्त, दोन माणसांची उघडी गाडी. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब चौकट घालून त्यांनी मधला कणा साधला. १९९४ च्या आवृत्तीत मोठं इंजिन आलं, तेव्हा सीटमागे दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा आणि पुढे-मागे पोटाखाली जादा ब्रेस कारखान्यातूनच लावून दिले. बाहेरच्या दुकानांत ब्रेस विकायचा जो धंदा पुढे फोफावला, त्याला या एका गाडीने मोठी चालना दिली. शेवटी १९९६ साली लोटस एलीस आली. अॅल्युमिनियमचे साचेबद्ध पोकळ बार खास गोंदाने चिकटवून केलेला तिचा सांगाडा सुमारे ६८ किलोंचा आहे. त्याला एक अंश पिळायला दहा हजार न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. उंबरठे मात्र इतके उंच, की साठी ओलांडलेल्या माणसाने आत शिरायच्या आधी विचार करावा.

बंगळुरूच्या आणि अलिबागच्या उघड्या गाड्या

आता आपल्या घरी येऊ. बंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८२ च्या सुमारास डॉल्फिन आणली. इंग्लंडच्या रिलायंट किटनचीच ही बहीण, फायबरचं अंग आणि खाली वेगळी चासी. ती बंद गाडी होती, पण या शहरातल्या कारागिरांचा फायबर आणि चासी या जोडीवर हात बसला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंगळुरूच्याच सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म काढली. दोन दारं, दोन माणसं, कापडी टप, फायबरचं अंग, आणि रेनॉचं ११४९ सीसीचं सुमारे साठ अश्वशक्तीचं इंजिन. भारतात छप्पर काढता येणारी स्पोर्ट्स गाडी बनवून विकायचा हा खराखुरा प्रयत्न होता. ती फार संख्येने रस्त्यावर आली नाही. पण बंगळुरूच्या हवेला उघडी गाडी शोभते, हे ज्यांनी ओळखलं त्यांना मी दाद देतो.

इकडे कोकणात, अलिबागजवळ कार्लेखिंडीत, चिंकारा मोटर्सने रोडस्टर १.८ एस बनवली. १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या घडणीची. छप्पर जवळजवळ नाहीच, खाली नळ्यांचा सांगाडा, आणि इंजिन १.८ लिटरचं इसुझू, जे हिंदुस्थान मोटर्स अॅम्बॅसडरमध्ये घालत असे. नळ्यांच्या सांगाड्याचा फायदा असा, की छोट्या कारखान्यातही तो बनवता येतो. मोठे साचे आणि मोठे दाबयंत्र लागत नाहीत. वेल्डिंग उत्तम हवं आणि त्रिकोण जागच्या जागी हवेत.

हाच विचार बंगळुरूच्या रेवामध्येही होता. २००१ साली आलेल्या त्या विजेच्या छोट्या गाडीला आत पोलादी नळ्यांची चौकट होती आणि बाहेर प्लास्टिकचे पॅनेल. अंग भार घेत नसल्यामुळे कंपनी २००९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात थेट छपराचा तुकडा काढता येणारी दोन माणसांची एनएक्सजी घेऊन उभी राहिली. तिचं रूप दिलीप छाब्रियांच्या हातचं. पुढच्या वर्षी कंपनीतला मोठा हिस्सा महिंद्रांनी घेतला, एनएक्सजी बाजारात आलीच नाही, आणि तिच्या चार जणांच्या बहिणीची २०१३ साली ई-टू-ओ झाली.

या सगळ्या भारतीय प्रयत्नांत एक गोष्ट समान दिसते. यांपैकी कुणीही बंद मोनोकॉक गाडीचं छप्पर कापलं नाही. खालून ताकद उभी केली, वर हलकं अंग ठेवलं. साधनं कमी असताना हाच रस्ता बरोबर होता.

सॅपरच्या डोळ्यांनी ब्रेस

मी सॅपर. इथे उल्सूर तलावाकाठी मद्रास सॅपर्सचं घर आहे, आणि बेली ब्रिज हे आमचं मुळाक्षर. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्लिश अभियंत्याने तो काढला आणि इटलीच्या मोहिमेत भारतीय सॅपर्सनीही तो जागोजाग उभारला. दहा फूट लांबीचं एक पॅनेल सहा जणांनी उचलायचं, पिनांनी जोडत जायचं. नेहमीच्या बेली ब्रिजला वर काही नसतं. दोन्ही बाजूंना पॅनेलच्या भिंती आणि मध्ये रस्ता. म्हणजे झाकण काढलेला खोकाच. म्हणून प्रत्येक दहा फुटांत खालच्या अंगाला दोन बारीक दांडे फुलीसारखे घालतात. स्वे ब्रेस. मधल्या पेचाने ते ताणून घेतात. हे दांडे पुलाला बाजूला झोलायला देत नाहीत. भार उचलणाऱ्या पॅनेलपुढे ते किरकोळ दिसतात, पण ते न ताणता कुणी गाडी सोडत नाही.

गावातल्या सुताराला हेच ठाऊक असतं. उभ्या फळ्यांच्या दाराला दोन आडव्या पट्ट्या मारल्या तरी वर्षभरात दार लोंबतं. मग तो एक तिरकी पट्टी मारतो आणि दार सरळ राहतं. चौकोन सरकतो, त्रिकोण सरकत नाही.

यावरून ब्रेस पारखायचे चार नियम निघतात. पहिला, ब्रेसने त्रिकोण पुरा केला पाहिजे. नुसता आडवा दांडा बहुतेक वेळा शोभेचा असतो. दुसरा, तो जिथे बोल्ट होतो ती जागा स्वतः ताठ हवी. पातळ पत्र्याला जाड नळी बांधली तर नळी तशीच राहते आणि पत्रा हलतो. तिसरा, भोकांत फट नको. अर्धा मिलिमीटर खेळ असला तर तेवढ्या हालचालीपर्यंत ब्रेस झोपलेलाच असतो. चौथा, वाकडातिकडा वळवलेला ब्रेस सरळ ब्रेसपेक्षा खूप कमी काम करतो, कारण ओढला की तो आधी सरळ व्हायला बघतो. बंद गाडीत बॉनेटखाली चकचकीत दांडा लावल्याने फारसं बदलत नाही, झाकण तिथे आधीच आहे. उघड्या गाडीत मात्र पोटाखालची फुली आणि सीटमागची चौकट खरोखर जाणवते.

कापलेलं छप्पर

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, तिथे येतो. काही महिन्यांपूर्वी आमच्या वसाहतीतल्या एका मुलाने हौसेने घेतलेली गाडी मला दाखवायला आणली. जुनी छोटी हॅचबॅक, मोनोकॉक, एका गॅरेजने छप्पर कापून दिलेली. वरून रंग सुरेख. मी त्याला पुढचं एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवायला सांगितलं. मग दार उघडायला सांगितलं. उघडलं, पण परत बंद होईना. कुलूप आणि खाच बोटभर सरकले होते. तो म्हणाला, "काका, पोटाखाली ब्रेस लावलेत की." लावले होते. पातळ पट्ट्यांचे, वळवलेले, जुन्या भोकांना बांधलेले.

जी गाडी मुळात छपरासह एक पेटी म्हणून आखली, तिचं छप्पर कापल्यावर चार पट्ट्यांनी ती भरपाई होत नाही. कारखाने बंद गाडीची उघडी आवृत्ती काढतात, तेव्हा उंबरठ्यात आत दुसरी पेटी घालतात, पुढच्या काचेच्या खांबांत जाड नळी घालतात, फरशी बदलतात, आणि मग गाडी पुन्हा धडकवून तपासतात. जाणते कारागीर जुन्या गाडीचं काम करतानाही आधी दारांच्या जागी तात्पुरते दांडे वेल्ड करतात, मगच पत्र्याला हात लावतात. गाडी उलटली तर काचेची चौकटच डोकं वाचवते. आणि बाजूने धडक बसली तर भार वाटून घ्यायला छपराची कड उरलेलीच नसते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ नोंदीतल्या तपशिलाला छेद देणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. पण कायदा बाजूला ठेवला तरी लान्चा, घाटगे, बेली आणि चॅपमन या चौघांच्या कामातून निघणारं उत्तर तेच आहे. छप्पर काढण्याआधी, ते जो भार घेत होतं तो कुणाच्या खांद्यावर द्यायचा, हे ठरलेलं असलं पाहिजे.

त्या मुलाने गाडी सध्या उभी करून ठेवली आहे. उघड्या गाडीची हौस त्याला अजून आहे, आणि असू द्यावी. मी त्याला एक जुनी जिप्सी बघायला सांगितलंय. तिचा टप बिनधास्त काढता येतो.

तुमच्याकडे अशी एखादी गाडी असेल, तर एक चाक उंचावर ठेवून दार उघडून-मिटून बघा, आणि काय दिसलं ते जरूर कळवा. पुढच्या भागात बेली ब्रिजचीच गोष्ट सविस्तर घेऊ. जय हिंद.